राणीचा खोपा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तूर्त कागदावरच गोड मानून घ्यावा). तुझं पित्त, भावोजींचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचा पेटी शिकणारा भाडेकरू, तिन्ही आता आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमचं ठीक चाललंय. मागच्या फोनवर हिनं (म्हणजे तुझ्या भावजयीनं) "हे हल्ली बायकांच्या केसांच्या नादी लागलेत" एवढंच सांगून फोन ठेवला, त्यामुळे तुझा काय समज झाला असेल ते मी जाणून आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

झालं असं, की आईच्या जुन्या नाटक कंपनीतल्या हयात मंडळींचा मेळावा ठरला. निरोप आल्यापासून आईचा एकच धोशा: जायचं तर राणीच्या खोप्यात जायचं, नाहीतर घरी बसायचं. तुला तो आठवतच असेल. पाच पेडांची वेणी डोक्याभोवती फिरवून मागे उंच बांधलेला खोपा, आणि कानांवर दोन बारीक वेण्यांच्या कमानी. रविवारी दुपारचा प्रयोग आटपून आई घरी आली की तू तिच्या मागे बसून एकेक आकडा काढायचीस आणि मी ते चुंबकाला चिकटवत बसायचो. आई डोळे मिटून म्हणायची, "हळू गं, राणी अजून आत आहे." हे वाक्य मला इतक्या वर्षांनी एकदम आठवलं आणि मग राहवेना.

कोपऱ्यावरच्या पार्लरवालीकडे नेऊन पाहिलं. तिनं मोबाईलवर शोधून "आजी, हा अंबाडा चालेल?" असं विचारलं. आईनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. पण हा राणीचा नाही, राणीकडे पाहुणी आलेल्या बाईचा आहे." आणि उठून आली. मी जन्मभर चष्म्यांच्या काड्यांत डोळ्यांना न दिसणारे स्क्रू बसवले. म्हटलं, केस तर ढळढळीत दिसतात, त्यात काय अवघड? दुकान चिरंजीवांच्या हवाली आहेच. नाटकांची केशभूषा करणाऱ्या एक बाई जुन्या धर्तीच्या वेण्या-खोपे शिकवतात, त्यांच्या वर्गात नाव घातलं.

वर्गात सगळ्या तरण्या पोरी आणि त्यांत मी एकटा, तोही टकला. बाई म्हणाल्या, "काका, मुलीला न्यायला यायचं ते वर्ग सुटल्यावर." मीच विद्यार्थी आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्या डोक्याकडे असं पाहिलं, जणू दात नसलेला माणूस ऊस मागतोय. सरावासाठी प्रत्येकाला केसांसकट एक प्लास्टिकचं मुंडकं मिळतं. माझं मी पिशवीतून बसनं आणत होतो. ब्रेक लागला आणि ते घरंगळत थेट कंडक्टरच्या पायाशी गेलं. त्यानं शांतपणे उचलून विचारलं, "यांचं तिकीट काढलंय का?" घरी आल्यावर मी ते धुऊन वाळायला ठेवलं, ते नेमकं हिच्या उशीवर. पुढचं लिहीत नाही. (ही पत्र वाचते.)

तिपेडी जमली, सागरवेणी जमली. पाचपेडीनं मात्र घाम काढला. हिच्या डोक्यावर सराव करताना पाचवा पेड कुठे गेला ते सापडेना. तो माझ्या शर्टाच्या बटणात गुंफला गेला होता. तेवढ्यात गॅसवाला आला. कात्री दुसऱ्या खोलीत, म्हणून आम्ही दोघं तसेच जोडीनं दाराशी गेलो. त्यानं सिलिंडर उंबऱ्याबाहेर ठेवला आणि सही न घेताच पळाला.

खरी अडचण पुढेच होती. आईचे केस आता चिमूटभर उरलेत. बाई म्हणाल्या, गंगावन घाला. पण बाजारातली गंगावनं बाहुलीच्या केसांसारखी चकाकतात. मी हात टेकले, तेव्हा आईनं कपाटातून मलमलीत गुंडाळलेली एक लांब वेणी काढली. ताई, ती तुझी. नर्सिंगच्या होस्टेलला जाताना तू कापलीस आणि आईनं रागानं बंबात टाकली म्हणून सांगितलं, तीच. अजून मऊ आहे. "तिला सांगू नकोस, उगाच फुगेल," असं आईनं बजावलंय, म्हणून फक्त लिहितोय.

मेळाव्याच्या सकाळी तीच वेणी घालून खोपा बांधला. आईनं आरशात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "भांग डावीकडे गेलाय." पण तिच्या खांद्यावरचा माझा हात तिनं धरून ठेवला.

आणि मग व्हायचं तेच झालं. रंगमंचावर तिचं नाव पुकारलं, तिनं झुकून नमस्कार केला आणि खोपा सुटून फळीवर पडला. आईनं सावकाश वाकून तो उचलला, हात उंच केला आणि त्या जुन्या आवाजात म्हणाली, "मुकुट उतरला, प्रधानजी, मान अजून आमचीच आहे!" पहिल्या रांगेत त्या नाटकातले प्रधानजी चाकाच्या खुर्चीत बसले होते. ते तिथूनच "आज्ञा, महाराणी!" म्हणाले, आणि मग टाळ्या थांबेचनात.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "पडला ते बरं झालं रे. त्याआधी मला एकही वाक्य आठवत नव्हतं."

भावोजींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
ठोंब्या

ता. क. मेळाव्यातल्या दोघी-तिघी पुढच्या खेपेला माझ्याकडूनच केस करून घेणार म्हणतात. एकीनं खाली पडेल असाच खोपा मागितलाय.

आणखी एक ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. आई हल्ली रोज विचारते, "थोरलीचे केस आता कुठवर आले?" मी सांगतो, अगं, ती आता आजी झाली, बॉबकट करते. आई "हो का?" म्हणते आणि चहा संपेस्तोवर पुन्हा तेच विचारते. तिची बोटं वळत नाहीत, पण कंगवा अजून धरता येतो. थोडे दिवस येऊन तिच्या पुढ्यात पाठमोरी बसशील का? केस तोकडे असले तरी चालतील. ते तिच्या हाताला कळू नये, अशी तुझीच वेणी त्यांना जोडण्याएवढं शिक्षण माझं झालंय.