मधले चौसष्ट कुणी खाल्ले

३ जून
आमची आपोआप उघडणाऱ्या दारांची कंपनी. माझं काम दार चालवणारे सर्किट बोर्ड तपासायचं. वायर लावायची, स्क्रीनवर येईल तो आकडा वहीत उतरवायचा. चिपवर छापलंय मेमरी ५१२. स्क्रीन म्हणते ४४८. एखाददुसरा बोर्ड नाही, चाळीसच्या चाळीस. मधले चौसष्ट कुणी खाल्ले? महिनाअखेरीला मालक सुपरवायझर नेमणार. पॅकिंगवालीचा त्या जागेवर डोळा आहे. चोर पकडला की खुर्ची माझी.

४ जून
संशय इंजिनिअरवर. त्याला आम्ही कुलूप म्हणतो. जवळ गेलं की स्क्रीन बंद करतो. विचारलं तर म्हणाला, मावशी, ते राखीव आहेत. चिपमध्ये आणखी एक छोटा प्रोसेसर आहे, दारात माणूस आहे का ते तो बघतो, त्याची ती जागा, बोर्ड चालवणाऱ्या लिनक्स प्रोग्रॅमने तिथे पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, बोर्डावर मला तर दिसला नाही. म्हणे, आत असतो. भूतसुद्धा आतच असतं.

६ जून, जेवणाच्या सुट्टीत
कुलपाला फाइल दाखवायला लावली. लिनक्सला आपलं आपण काही कळत नाही. मेमरी कुठून सुरू, किती, कुठला तुकडा सोडायचा, सगळं लिहून द्यावं लागतं. त्या फाइलीला ट्री म्हणतात. झाड, आणि पान एक नाही. आकड्यांत मध्येच अक्षरं घुसवलीत. राखीव तुकड्यासमोर चार आणि पुढे सहा शून्यं, आणि हा म्हणतो यंत्र दहाने नाही, सोळाने मोजतं, त्याचेच चौसष्ट होतात. मी चौथीपर्यंतच शिकले, पण चाराला चौसष्ट म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं.

९ जून
घरी सांगितलं. नवरा म्हणाला, तुला तर साखरेच्या डब्याचाही संशय यायचा. यायचा. खरा निघाला. हाच खायचा.

१२ जून
मालकाच्या कानावर घातलं. वाळल्या गवताला काडी लागली. कुलपाला म्हणाला, गिऱ्हाइकाला पाचशेबारा सांगून मी कमी का देऊ? काढून टाक ती ओळ. कुलूप म्हणाला, काढतो, पण मग दारात उभं कोण राहणार? मी म्हटलं, मी. त्याचं तोंड एवढंसं झालं. चोरच.

१३ जून, सकाळी ९
स्क्रीनवर पूर्ण ५१२. लाल पेनाने लिहिले. सुपरवायझरच्या खुर्चीवर बसून पाहिलं. गादी बदलून घ्यावी लागेल.

१३ जून, ११.४०
तो बोर्ड लावून बघितला, दार तीनदा नीट उघडलं. चौथ्यांदा मी मधोमध उभी आणि दाराला मी दिसलेच नाही. मी काही दिसू नये इतकी बारीक नाही. काचा दोन्हीकडून आल्या. मालक हाताला धरून ओढतोय, कुलूप वायर उपटतोय. खांदा काळानिळा. कुलूप म्हणतो, राखीव जागेत लिनक्सने आपलं सामान टाकलं, छोटा आंधळा झाला. म्हणजे खरंच होता तो आत. तरी मला वाटतं, कुलपाने त्याला शिकवून ठेवलं होतं.

१४ जून
ओळ परत घातली. आकडा ४४८. मालक माझ्याशी बोलत नाही. कामात असेल.

३० जून
पॅकिंगवाली सुपरवायझर झाली. मला वेगळं खातं दिलंय. प्रत्येक बोर्डावर स्टिकर लावायचा: '६४ राखीव आहेत. विचारू नये.' मजकूर खुद्द मालकाचा. असा विश्वास कुणावरही टाकत नाहीत. आज दोनशेदहा लावले. वाकडे लागलेत म्हणून सुपरवायझरबाईंनी सगळे काढायला लावले.