विसाव्याची साक्ष

रविवार, ३ मे. दुपारी ३.
चर्चमध्ये पाळकसाहेबांचा आजचा उपदेश चौथ्या आज्ञेवर. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विसावा. रोख उघड माझ्याकडे होता. मंडळीत माझ्याइतकं राबतं कोण? कमिटीचा सेक्रेटरी मी, संडे स्कूल माझ्याकडे, खुर्च्या मांडायच्या तरी हाक मलाच. उपासनेनंतर त्यांनी विचारलं, ३१ तारखेला विसाव्यावर साक्ष द्याल का, म्हणजे स्वतःचा अनुभव मंडळीसमोर सांगाल का. लगेच हो म्हणालो. अनुभव अजून नाही. पण मधे तीन रविवार आहेत, होऊन जाईल.

मंगळवार, ५ मे.
टाइमटेबलची रंगीत प्रिंट फ्रिजवर लावली. शनिवारी सूर्यास्तापासून रविवारी सूर्यास्तापर्यंत मोबाइल बंद, टीव्ही बंद, कसलंही काम नाही. बायकोनं विचारलं की मग रविवारचा स्वयंपाक कधी करायचा. शनिवारी पहाटे, असं समजावलं. ती कपडे शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, दिवसभर उभं राहायची सवय आहेच. तिनं पहाटे चारचा गजर लावला. पटलं असावं.

रविवार, १० मे.
पहिला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस. फक्कड! संडे स्कूल बायकोनं घेतलं, खुर्च्या लेकीनं मांडल्या. मी मागच्या बाकावर शांत. खजिनदार जवळ येऊन म्हणाला, मजा आहे बुवा तुमची. जळतो लेकाचा. दुपारी अडीच तास झोप झाली. जास्त झाली असती, पण मोरीत भांड्यांचा खणखणाट चालला होता. त्यानं विसाव्याचं वातावरण बिघडतं, हे बायकोला सौम्य शब्दांत सांगितलं. सूर्यास्तानंतर घासते म्हणाली. याला म्हणतात सहकार्य.

गुरुवार, १४ मे.
बायकोचे पाय सुजलेत. चपला बदलायला हव्यात. डोकंही ठणकतं म्हणे. डॉक्टरांची वेळ शनिवारी संध्याकाळी सहाची मिळालीय, सोबत चला म्हणाली. सूर्यास्त ६.५२ ला! परतायला उशीर झाला म्हणजे शब्बाथ मोडलाच. मग साक्ष कोणत्या तोंडानं देऊ? तू एकटीच जाऊन ये म्हणालो. चालत गेलीस तर पायही मोकळे होतील.

रविवार, १७ मे.
ती गेलीच नाही. इस्त्री राहिली होती म्हणे. ठीक आहे, उठसूट गोळ्या घेणं बरं नव्हे.
दुसरा शब्बाथ. लेक म्हणाली, बाबा, आईचा शब्बाथ कोणत्या वारी असतो? पंधरा वर्षांची झाली, तोंड सुटलंय. ३१ नंतर बघू म्हणालो.
नवी कल्पना: नुसतं बोलून भागणार नाही, प्रात्यक्षिक हवं. साक्षीनंतर कमिटीला सहकुटुंब घरी जेवायला बोलवायचं. सगळ्यांनी निवांत बसायचं, कोणी कामाचं बोलायचं नाही.

शुक्रवार, २२ मे.
यादी सव्वीस जणांची झाली. बायको म्हणाली, अहो, जेवण बाहेरून मागवू या, माझ्यानं होणार नाही. शब्बाथला बाहेरून मागवायचं म्हणजे चार परक्या माणसांना कामाला लावायचं. घरच्या माणसानं केलं तर ते काम नव्हे, ती सेवा. मुद्दा इतका बिनतोड निघाला की साक्षीत घालतोय.

रविवार, २४ मे.
तिसरा शब्बाथ. साक्ष पाठ करण्यात दिवस गेला. हे कामात धरत नाही.

रविवार, ३१ मे. संध्याकाळी ५.
साक्ष रंगली. पाळकीणबाईंनी डोळे पुसले. घर चर्चच्या मागच्याच गल्लीत, बायको स्वयंपाकासाठी घरी थांबलेली. घरच्या सेवेच्या मुद्द्यावर आलो, तेवढ्यात लेक धावत आत आली. आई ओट्यापाशी कोसळलीय, बोलत नाहीये, म्हणून ओरडली. मी हातानं थांब अशी खूण केली. तीनच मुद्दे उरले होते.
डोळे मिटून तेही सांगितले आणि समारोपाची प्रार्थना केली. डोळे उघडले तर समोर रिकामे बाक. सगळे बायकोला उचलायला गेले होते. खजिनदाराच्या गाडीतून तिला हॉस्पिटलात नेलं. गाडीत मला जागा उरली नाही.

मंगळवार, २ जून.
बीपी भयंकर वाढलं होतं. थोडक्यात वाचली, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे पूर्ण विश्रांती. मी त्यांना सांगितलं की विश्रांतीची आमच्या घरी पद्धतशीर व्यवस्था आहे. बायको म्हणाली, डॉक्टर, मला इथंच ठेवा. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. औषधांचा अंमल असणार.

रविवार, ७ जून. दुपारी ४.
सिस्टरनं वॉर्डच्या दारातच अडवलं. पेशंटचं बीपी काल कुठं ताळ्यावर आलंय, म्हणून मोजकीच माणसं आत सोडतात. कोणाला सोडायचं ते पेशंटनंच सांगितलंय: लेक, बहीण, पाळकीणबाई, खजिनदार. माझं नाव घाईत राहिलं असेल, असं म्हणालो. सिस्टर म्हणाली, नाही, मी दोनदा विचारलं होतं.
बाहेरच्या बाकावर बसलो. मग उठून दाराच्या काचेतून पाहिलं. ती उशीला टेकून काहीतरी सांगत होती आणि लेक पोट धरून हसत होती. तीही हसत होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, ते आठवेना.
काचेवर टकटक करायला हात उचलला होता. नाही केली. तिचं बीपी वाढलं असतं.