साडेचार फुटांची गिटार

नागपूर,
रविवार, ता. ९ एप्रिल १९७८

तीर्थस्वरूप यमुताईस,
धाकटा भाऊ रुपराव याचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे प्रेमिला ठीक आहे आणि मी थकलो आहे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल गुडघ्यालाच लावतेस ना, की जपून ठेवलं आहेस? सूनबाई नीट वागते का? (या प्रश्नाचं उत्तर कार्डावर लिहू नकोस. कार्ड पेटीत टाकायला तीच नेते.) माझं काम तेच. रामदासपेठेतल्या दवाखान्यात लिफ्ट चालवतो. दिवसभर वर-खाली करतो आणि संध्याकाळी जिथल्या तिथे उतरतो.

तुझं कार्ड मंगळवारी पोचलं. विणकर सोसायटी तुला सूत देणार, पंधरा तारखेला सकाळी त्यांचा साहेब खाप्याला येणार, ज्याचा माग उभा दिसेल त्यालाच सूत मिळणार आणि म्हणून गुरुवारी तुमच्या गावचा धोंडबा इथे संत्र्यांचा ट्रक रिकामा करून परत जाताना माझ्याकडून तुझा माग घेऊन जाणार, हे सगळं मी तीनदा वाचलं. वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ घाम आला. आनंदाचं कारण सांगायला नको. देवाजी भाऊजी गेले, लेकानं मागाचा खड्डा बुजवून तिथे पलंग टाकला आणि तू माग सोडवून माझ्याकडे ठेवायला दिलास, त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तू दुसऱ्याच्या हातचं कसं गिळलंस ते मला ठाऊक आहे. घामाचं कारण मात्र तुला ठाऊक नाही, आणि ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

ताई, माग सुखरूप आहे. फणी आहे, धोटे आहेत, पावड्या आहेत, दोऱ्यासुद्धा उंदरांनी सोडल्या आहेत. फक्त विणलेलं कापड ज्याच्यावर गुंडाळतात ते लांब चौकोनी सागवानी लाकूड आहे ना, त्याची सध्या गिटार झालेली आहे. बसून वाच.

याला कारण आमची गायन पार्टी. गेल्या जयंतीला पलीकडच्या मोहल्ल्याच्या पार्टीनं भाड्यानं विजेची गिटार आणली. आमची पेटी, ढोलकी आणि झांज हे सगळं मिळून जेवढा आवाज होतो तेवढा ती एकटी करत होती. आमचं दुसरं गाणं संपायच्या आत आमच्या समोरची सतरंजी रिकामी झाली. तिच्यावर एक म्हातारा तेवढा उरला होता, आणि तो झोपला होता. दुसऱ्या दिवशी आमचे अध्यक्ष बाबाराव मला म्हणाले, "आपल्याकडे काहून नाही गा अशी गिटार?" मी नुसतं हो ला हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तोंड माझं. मी म्हटलं, विकत कशाला घ्यायची, मी करतो. (लहानपणी मी तुझ्या बाहुलीचा पाळणा केला होता आणि त्यातून बाहुली पडली होती, ते बाबारावांना माहीत नाही.)

गिटार मी सीताबर्डीच्या एका दुकानात पाहून आलो. दुकानदार हात लावू देईना, म्हणून पंधरा मिनिटं काचेबाहेरून पाहिली. त्यात मला एक गोष्ट दिसली. गिटारीच्या मानेवर ज्या आडव्या तारपट्ट्या असतात, त्या वरच्या टोकाला लांब लांब होत्या आणि खाली येता येता जवळ जवळ होत गेल्या होत्या. मला त्या कारागिराची कीव आली. सुरुवात ऐसपैस केली आणि पुढे जागा पुरेना म्हणून हात आखडता घेतला, असं मी समजलो. आपण विणकराची लेकरं. फणीचा एक दात इकडचा तिकडे झाला तर कापडाच्या अख्ख्या ठाणात रेघ दिसते. तेव्हाच ठरवलं की आपली गिटार अशी गबाळी होऊ द्यायची नाही.

आता लाकूड. ताई, मी सरळ सांगतो, तुला विचारलं नाही हा माझा गुन्हा आहे. बाजारात ओलं लाकूड दाखवत होते, आणि घरी दाराआड तुझ्या मागाची लाकडं रचलेली होती. त्यातलं हे एक लाकूड असं होतं की चाळीस वर्षं हात लागून लागून आरशासारखं झालेलं, कुठे बाक नाही, कुठे चीर नाही. सुतार म्हणाला, साडेचार फूट आहे, दीड फूट कापून टाकू. मी करवतीवर हात ठेवला. तो म्हणाला, निदान तासून बारीक तरी करू. त्यालाही नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "मंग गिटार कायले म्हणता, छपराची बल्ली म्हणा ना," आणि हत्यारं उचलून गेला. तेव्हापासून सगळं मीच केलं. एका टोकाला फुटक्या बेंजोच्या चाव्या बसवल्या. चहाच्या खोक्याची पातळ फळी वरून स्क्रूनं बसवली. तिच्यात छत्रीच्या काड्यांच्या तारपट्ट्या ठोकल्या, वीस घरं, प्रत्येक घर बरोबर एक इंच. वस्तीतले लोक पाहायला यायचे आणि म्हणायचे, काय सरळ काम आहे! प्रेमिलानं मला त्या आठवड्यात दोनदा न मागता चहा दिला.

विजेचं काम आमच्या गल्लीतला रेडिओवाला नत्थू पाहत होता. त्यानं जळालेल्या भोंग्यातलं लोहचुंबक दिलं आणि केसाएवढी तांब्याची तार दिली, चुंबकाभोवती हिचे पाच हजार फेरे घाला म्हणाला. मी तीनशेला आडवा झालो. मग प्रेमिलानं तुझा कांड्या भरायचा चरखा काढला (हो, तोही वापरला, आता काय लपवायचं) आणि एका दुपारीत काम संपवलं. मी थक्क झालो. पण नत्थूनं तपासलं तर वीज पुढे जाईना. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी कळलं की दोन हजाराच्या आसपास तार तुटली होती आणि प्रेमिलानं विणकराची गाठ मारून पुढे चालू ठेवलं होतं. नत्थू हात जोडून म्हणाला, "वयनी, हे सूत नोहे जी." प्रेमिला म्हणाली की तिची गाठ आजवर कुठल्या धोतरात सुटलेली नाही. दोघांचंही खरं होतं. पाच हजार फेरे पुन्हा घातले.

अशी पाच महिन्यांनी गिटार उभी राहिली. उभी म्हणजे खरंच उभी, कारण आडवी केली की खोलीत माणसाला जागा उरत नाही. ती वाजवून पाहायला आम्ही सावनेरहून रामाजी मास्तरांना बोलावलं. लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी ती मांडीवर घेतली, तेव्हा एक टोक ढोलकीवाल्याच्या बरगडीत आणि दुसरं दाराबाहेर गेलं. पंज्यात मावेना म्हणून त्यांनी वरूनच बोटं दाबली. मोकळी तार बरी वाजली. पहिल्या घरावर मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पाचव्यावर छताकडे पाहिलं. दहाव्या घरावर त्यांनी गिटार खाली ठेवली आणि पाणी मागितलं.

"रुपराव, हे मोजलं कोनं गा?"

"मीच मोजलं, मास्तर."

"लय बरोबर मोजलं. म्हनूनच तं बिघडलं."

मग त्यांनी समजावलं की तार जशी आखूड होते तशी घरंही आखूड व्हावी लागतात, नाहीतर सूर चढत नाही, भरकटतो. म्हणजे सीताबर्डीचा तो कारागीर शहाणा होता आणि त्याची कीव करणारा मी. मी भिंतीला टेकून बसलो. इतका थकवा मला तिसाव्या वर्षी भाऊजींबरोबर नदीवरून पाण्याचे पन्नास घडे आणले तेव्हाही आला नव्हता.

मास्तरांनीच उपाय सांगितला. छत्रीच्या काड्या सगळ्या उपटा, तारा उंच करा, गिटार मांडीवर आडवी ठेवा आणि बोटं दाबण्याऐवजी काही गुळगुळीत वस्तू तारांवरून फिरवा. दवाखान्यातून मी औषधाची एक जाड रिकामी शीशी आणली होती. मास्तरांनी ती तारांवर टेकवली आणि एकच सूर हळूच खालून वर नेला. ताई, तो सूर मी तुला लिहून दाखवू शकत नाही. भोंगा घुंघुं करत होता, हात लावला की झिणझिण्या येत होत्या (वीज लागू नये म्हणून पाटावर बसावं लागतं), आणि तरी प्रेमिला कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मला रडू आलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, आणि पार्टीसमोर रडलो.

गेले दोन महिने मी रोज लिफ्टवरून सुटलो की मास्तरांनी दाखवलेली तीन गाणी घोटतो आहे. आता ती येतात. येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला, जयंतीच्या कार्यक्रमात मी वाजवणार आहे, असं बाबारावांनी फळ्यावर लिहूनही टाकलं आहे. आणि धोंडबाचा ट्रक गुरुवारी आहे.

लेकाला आशीर्वाद सांग. सूनबाईला काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा,
रुपराव

ता. क. खरं काम राहिलंच. धोंडबाला गुरुवारऐवजी शुक्रवारी रात्री थांबता येईल का? कार्यक्रम नऊला संपेल. लाकूड मोकळं करून मागाबरोबर चढवलं की ट्रक पहाटेला खाप्यात पोचेल. साहेब सकाळी किती वाजता येतो ते तू लिहिलेलं नाहीस. दोघातिघांनी हात लावला तर माग तेवढ्यात उभा होईलही.

ता. क. दुसरा. प्रेमिलानं पत्र वाचलं. म्हणाली, "बाईनं तीन साल दुसऱ्याच्या चुलीकडे पाह्यलं, न तुमाले एक दिवस नाही निघत?" वरचा ता. क. वाचू नकोस. ट्रक गुरुवारीच पाठव. पहाटेत माग उभा होत नाही, हे मला काय माहीत नाही? बाबारावांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी फळ्यावरचं माझं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. शुक्रवारी मी पेटी धरीन.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तारा, चाव्या, फळी, सगळं उतरवलं. लाकूड कुठेही कापलेलं नाही, तासलेलं नाही. स्क्रूची एकोणीस भोकं तेवढी आहेत. त्यांच्या कडा काचेनं घासून मऊ केल्या आहेत आणि वरून प्रेमिलाचं लुगडं ओढून पाहिलं आहे, धागा कुठे अडकत नाही. तेव्हा तू निर्धास्त बसून विण. पण ताई, मीही त्याच घरात वाढलो आहे. एक ठाण काढून घेतलं आणि दुसरा ताणा चढायचा आहे, अशा वेळी ते लाकूड एखादा दिवस रिकामं असतं. तो दिवस कधी येतो ते मला दोन ओळींत कळव. मी रजा टाकून तारा, चाव्या आणि शीशी घेऊन खाप्याला येईन, आणि तीन गाणी वाजवून संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. तोवर भोकं बुजवू नकोस.