मिरवणुकीच्या वेगाने

२ फेब्रुवारी २००८, शनिवार. अर्विंग, टेक्सास.

मंडळाची मीटिंग झाली. पाडव्याला शोभायात्रा काढायची. शाळेच्या पार्किंग लॉटमध्येच, कारण रस्त्याचं परमिट नाही. अध्यक्ष प्रसन्नदादा म्हणाले, डोंबिवलीला बायका नऊवारी नेसून बाइकवर सगळ्यात पुढे असतात, आपल्याकडे कोण बसेल? सगळ्याजणी आपापल्या समोशाकडे बघायला लागल्या. मी हात वर केला. कोणीतरी पहिलं असावंच लागतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच.

बाइक मनोहर काका देणार. मूळचे नागपूरचे, रिटायर्ड डॉक्टर, भूलतज्ज्ञ. रिटायर झाल्यावर हौसेने घेतली. वजन साडेतीनशे किलो. मला काय, मी कॉलेजभर लूना चालवली आहे.

३ फेब्रुवारी, रविवार

संकल्प: रोज पहाटे उठणे. खोटं न बोलणे (हा जुनाच आहे, चालू ठेवणे).

बाबांना बार्शीला फोन केला. म्हटलं, मी मोठी मोटरसायकल चालवते. पाडव्यापर्यंत हे खरं होणारच आहे, तेव्हा यात खोटं काही नाही. बाबांनी फोन कानाला असतानाच गिरणीत दळणाला आलेल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं.

९ फेब्रुवारी, शनिवार

उशिरा उठले. रूममेट निधी म्हणते, वीकेंडचा ट्रेनिंग कोर्स कर यार, ते लहान बाइक देतात. मी समजावलं. शोभायात्रा म्हणजे लेझीम खेळणाऱ्या मुलांच्या पुढे चालण्याच्या वेगाने जायचं. जोरात जाणाऱ्यांनी शिकावं. हळू जाणाऱ्याला शिकायचं काय असतं?

१० फेब्रुवारी, रविवार

पहिला धडा, काकांच्या ड्राइव्हवेमध्ये. बाइक सुरू केली नाही. फक्त स्टँडवरून सरळ केली. ती दुसऱ्या बाजूला गेली. काका म्हणाले, याला पडणं नाही म्हणत, टेकणं म्हणतात. शोभना काकूंनी खिडकीतून विचारलं, तुमचे पेशंटही असेच टेकायचे का हो?

उचलायची पद्धत काकांनी पुस्तकातून मोठ्याने वाचली. गाडीकडे पाठ करायची, उकिडवं बसायचं, सीटला पाठ लावून पायांनी मागे रेटत जायचं. उठली! एखाद्या प्रश्नाकडे पाठ फिरवल्यावर तो सुटला, असं माझ्या आयुष्यात प्रथमच झालं.

१७ फेब्रुवारी, रविवार

माझ्या ऑफिसचा रिकामा पार्किंग लॉट. बाइक भाड्याच्या ट्रेलरवर घालून नेली. मोठी प्रगती. ताशी वीस मैलांना गाडी पाखरासारखी. त्याखाली मात्र म्हैस. दहाच्या खाली पाण्यात बसलेली म्हैस.

काका सांगतात, क्लच अर्धा सोडून तसाच धरायचा, मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवायचा, वळताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. लावला. टेकली.

काकांना म्हटलं, एकदा करून दाखवा. गुडघा दुखतोय म्हणाले. परत आल्यावर काकूंनी चहा देताना सांगितलं की काका स्वतः बाइकवरून दारच्या मेलबॉक्सच्या पुढे कधी गेलेले नाहीत. दर रविवारी ढकलत बाहेर आणतात, अभ्यंगस्नान घालतात, ढकलत आत नेतात. काका चहात बिस्किट बुडवत राहिले.

गुरूने प्रत्यक्ष केलेलं असावं असं काही नाही. स्विमिंगचे कोचही काठावरच असतात.

८ मार्च, शनिवार. जागतिक महिला दिन.

थंडीभर हॉलमध्ये जपलेली तुळस काकूंनी आज उन्हात, ड्राइव्हवेच्या कडेला ठेवली. आजचा धडा नजरेचा. जिथे बघाल तिथे गाडी जाते, म्हणून जिथे जायचं नाही तिथे बघायचं नाही. मी ठरवलं, तुळशीकडे अजिबात बघायचं नाही. बघत नाही ना, याची खात्री करण्यासाठी सारखी तुळशीकडे बघत होते.

कुंडी फुटली. काकू एक शब्दही बोलल्या नाहीत. महिला दिन असल्यामुळे असेल.

९ मार्च, रविवार

काकूंना नर्सरीतून बेसिलचं रोप नेऊन दिलं. तुळशीच्या कुळातलंच आहे, हे नीट समजावूनही सांगितलं. म्हणाल्या, मृणालिनी, हे पास्त्यात घाल.

१५ मार्च, शनिवार

प्रॅक्टिस झाली नाही. पण मंडळाच्या वेबसाइटसाठी 'स्त्रीशक्ती' हा लेख पूर्ण झाला. क्लच धरणं ही कृती आहे, पण त्यामागचा विचार जास्त महत्त्वाचा. विचार आता पक्का आहे.

२३ मार्च, रविवार

काकूंच्या नऊवारीत रंगीत तालीम. (काकू बोलायला लागल्या. 'पदर चाकात जाऊ देऊ नकोस', एवढंच.) मागच्या सीटला उभी गुढी बांधली. इथे बांबू मिळाला नाही, म्हणून शॉवर कर्टनचा रॉड. वर पैठणी, त्यावर तांब्या. टेक्सासचा वारा पैठणीत भरला आणि आम्ही न ठरवता डावीकडे गेलो. सुदैवाने डावीकडे गवत होतं.

रात्री प्रसन्नदादांचा फोन. काकांनी काहीतरी सांगितलेलं दिसतं. म्हणाले, बाइक ट्रेलरवर बांधू, तू वर नुसती बस, हात हलव. मी नाही म्हटलं. बांधलेल्या गाडीवर बसून कुठल्या मुलीला प्रेरणा मिळणार? शिवाय बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलंय. पाडव्याचा फोटो बघायला भावाबरोबर सगळे सायबर कॅफेत जाणार आहेत. मी पडले तर इथे मीच पडेन. तिथे बाबा पडतील.

५ एप्रिल, शनिवार

एकदाही न टेकता लॉटला पूर्ण फेरी! वेग ताशी पंचवीस मैल. उद्या फक्त हळू करायचं आहे. बाकी सगळं येतं.

६ एप्रिल, रविवार. पाडवा.

दुपारी ४. थोडक्यात लिहिते, मनगट सुजलंय.

सुरुवात हळूच केली. गाडी डुलायला लागली. डुलणं थांबावं म्हणून थोडी गती दिली. लगेच स्थिर झाली. पहिली फेरी संपली तेव्हा लेझीमवाले अजून गेटपाशीच होते. थांबले असते तर टेकले असते, म्हणून दुसरी फेरी घेतली. प्रसन्नदादा माइकवर म्हणत होते, यात्रेच्या अग्रभागी आपली मृणालिनी... आत्ता इथेच होती. तेवढ्यात मी मागून येऊन सगळ्यांना ओव्हरटेक केलं. टाळ्या पडल्या.

तिसऱ्या फेरीला पालखी मध्ये आली. हळू करावंच लागलं. समोर काकू ओवाळायला ताट घेऊन उभ्या. मी ठरवलं, काकूंकडे अजिबात बघायचं नाही.

काकूंना काही झालं नाही. त्या तुळशीपेक्षा चपळ आहेत. गाडी टेकली, मी बाजूला पडले आणि गुढी माझ्यावर आली. पैठणीखालून काही दिसत नव्हतं, पण काकूंचा आवाज ऐकू येत होता. सगळ्याजणी इकडे या! गाडीकडे पाठ करा! बसा उकिडव्या! आता मागे रेटा! दोन महिने खिडकीतून ऐकून त्यांचं पाठ झालं होतं. काका म्हणे लांबून स्टँड लावा, स्टँड लावा करत होते.

तत्त्वतः, यात्रेच्या पुढे मी बराच वेळ होते.

९ एप्रिल, बुधवार

फोटो वेबसाइटवर आला. माझ्याच लेखाच्या वर, 'स्त्रीशक्ती' या मथळ्याखाली. नऊवारीतल्या बायका ओळीने गाडीला पाठ लावून रेटतायत, मागे सांडलेल्या अक्षता. मी फोटोत आहे, पण पैठणीखाली. भावाने सायबर कॅफेत प्रिंटही काढली.

बाबांचा फोन आला. कधी नव्हे ते स्वतः केला. गिरणी बंद असावी, मागे आवाज नव्हता. म्हणाले, फोटो लई झ्याक आलाय, सगळ्यांनी बघितला. मग विचारलं, यातली तू कुठली? म्हटलं, आहे मी त्यात. त्यांनी प्रिंट परत उलगडल्याचा आवाज आला. फोन कार्डाची मिनिटं त्यांची जात होती.

मग हळूच विचारलं, पेट्रोल संपलं होतं का गं?

हो म्हटलं.

म्हणाले, लूनाला निदान पायडल तरी होतं.