दोघांचा कूपे

परीक्षित,

भंगारवाल्याकडून इंजिन घेऊन येशील तेव्हा मी घरात नसेन. फोन करू नकोस, उचलणार नाही.

मार्चमध्ये तू ऑफिसातून फोन करून ओरडलास, "निधी, फक्त दोघांसाठी, कूपे! पक्कं करून टाकलंय!" मला वाटलं, रेल्वेचा. दोन बर्थ, आतून कडी, स्कॉटलंड. मी पुण्याला आईलासुद्धा सांगून बसले. आणि शनिवारी ट्रकवरून काय उतरलं? दोन दारांची गंजकी मोटार! तिलाही कूपेच म्हणतात. म्हणे तिची हॉट रॉड करणार, दांडगं इंजिन बसवून सुसाट पळणारी गाडी. तेव्हा मी हसले, चुकलंच माझं.

बाथटबमध्ये गिअरबॉक्स धुतलास, तरी मी टब घासून काढला. पण आज सकाळी तू तिचा टप कापलास. कॅलेंडरवर आजच्या चौकोनात लाल पेनने 'टप कापणे' लिहिलंयस, तेही मी लिहिलेल्या 'लग्नाचा वाढदिवस'च्या वरूनच. डोळे काय गॅरेजमध्ये ठेवून फिरतोस?

पिझ्झा फ्रीझरमध्ये आहे. ओव्हनमध्ये तुझे रंगवलेले पार्ट भाजतायत, तेव्हा गरम कशात करायचा ते तूच बघ.

मी आज रात्रीच्या गाडीने स्कॉटलंडला, इन्व्हर्नेसला चाललेय. कूपे दोघांचा आहे. तिकिटं मी सकाळी चहाबरोबर तुझ्या हातात देणार होते. हाकही मारली, पण तुझा पत्रा कापायचा ग्राइंडर चालू होता.

वरचा बर्थ मी अजून कोणाला दिलेला नाही. गाडी लंडनच्या यूस्टन स्टेशनहून नऊला सुटते. हे नुसतं माहिती म्हणून लिहितेय. बोलावत नाहीये.

निधी