आरशाचा दुसरा फोटो

बाबा,

मी कामावर निघाले. घोरत होतात, म्हणून उठवलं नाही.

विकायच्या आरशाचा फोटो आज पुन्हा काढा. अगदी समोर उभे राहू नका, जरा कडेला सरका, नाहीतर गिऱ्हाइकाला आरशाऐवजी तुम्हीच दिसता! आधी मोबाईलची काच पुसा, तिला तुमचं पॉलिश लागलंय. खिडकीवर पांढरी चादर धरली की उजेड मऊ पडतो. चादर खिळ्याला अडकवू नका, कालच्यासारखी आईलाच धरायला सांगा.

जाहिरातीचा मजकूर पाठवण्याआधी मोठ्यानं वाचा. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडा. ‘सुबक’ हा शब्द एकदाच पुरे. आणि चौकट स्वतः कोरलीय, हे लिहायलाच विसरलात की हो!

कालचा फोटो मात्र उडवू नका. त्यात आरशात तुम्ही एक डोळा मिटून उभे आहात आणि मागे आई चादरीत तोंड खुपसून हसतेय. तुम्ही फर्निचरचं दुकान बंद केल्यापासून घरात नुसता अबोला होता. आता तोच फोटो मी मोठा करून आणतेय. आरसा विकला गेला की भिंतीवर त्याच्या जागी तोच लागेल.

तुमची कटकट