लिलफॉर्सची शेवटची दोन मशीन्स

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. पुढे पुरावा म्हणून लागेल. सोसायटीच्या कमिटीने ठरवलंय, तळघरातल्या धुण्याच्या खोलीतली दोन्ही वॉशिंग मशीन्स काढायची आणि परदेशी आणायची. २० मेच्या वार्षिक सभेत मतदान. दोन्ही मशीन्स इथली, लिलफॉर्सची, आमच्या कारखान्यातली. मी तिथे चौतीस वर्षं शेवटच्या तपासणीला होतो. कारखाना बंद होऊन चौदा वर्षं झाली. आता त्या शेडमध्ये मुलांना ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायची सोय आहे. म्हणजे आमच्या कारखान्याचं गावात जे काही अजून फिरतंय, ते या तळघरात.
संकल्प: सभेपर्यंत एकही बिघाड नाही.
बायकोला वाचून दाखवलं. मायकेन म्हणाली, बरं. तिचा पूर्ण पाठिंबा आहे.

५ मार्च
डावं मशीन पिळताना थोडा आवाज करतं. हा बिघाड नव्हे. आवाजच नसेल तर मशीन चालू आहे हे कळणार कसं? कमिटीची अध्यक्ष सिव जिन्यात भेटली. म्हणाली, अरे एव्हर्ट, दुसऱ्या मजल्यावर माझ्या कपाटातले पेले नाचतात. मी म्हटलं, पेले हलके असतील, बाहेरून आलेले. ती वर निघून गेली. मुद्दा पटला असावा.

११ मार्च
निदान झालं. दोष लोकांचा आहे. पावडर जास्त, कपडे जास्त, अक्कल कमी. चिठ्ठी लावली: ‘प्रिय शेजारी, मशीन म्हणजे गोणी नव्हे. सात किलो म्हणजे सात किलो. गुडघ्याने कोंबू नये. आभारी आहे.’ खाली नाव घातलं नाही.
चार वाजेपर्यंत तिच्याशेजारी दुसरी चिठ्ठी. ‘प्रिय एव्हर्ट, माझ्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचे डाग पडले आहेत, ते किती किलोत धरायचे? आभारी आहे.’
अक्षर ओळखता आलं नाही. माझं कसं ओळखलं?

१८ मार्च
उपाय सापडला: विश्रांती. आमच्याकडे प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप असतं. धुण्याच्या खोलीतल्या फळ्यावर ज्या दिवसाच्या, ज्या वेळेच्या भोकात ते लावलं, ती वेळ त्या घराची. शेजाऱ्याशी वीस वर्षं बोललं नाही तरी चालतं, पण त्याच्या धुण्याच्या वेळेला हात लावायचा नाही. हा नियम मी चाळीस वर्षं पाळला आहे.
तर, तिसऱ्या मजल्यावरच्या लुंडबाई फेब्रुवारीपासून वृद्धाश्रमात आहेत. त्यांच्या कुंड्यांना पाणी मी घालतो. दाराशी खिळ्याला त्यांचं कुलूप लटकत होतं. ते शनिवारच्या भोकात लावलं. शनिवारी सगळे पडदे आणि सतरंज्या घेऊन उतरतात. आता मशीनला आठवड्यातून एक दिवस आराम मिळेल. ही चोरी नव्हे, देखभाल आहे.

२९ मार्च, शनिवार
सिव तळघरात उभी. हातात लुंडबाईंचं कुलूप. म्हणाली, बाई अंथरुणातून उठत नाहीत, आणि इथे लागोपाठ दोन शनिवार कपडे धुतायत होय? मी म्हटलं, बाई पहिल्यापासून फार टापटिपीच्या. जमलं नाही.
जिन्यात आता कोणी माझ्याशी बोलत नाही. आधीही बोलत नव्हते, पण आता ते जाणवतं.

१४ एप्रिल
उजव्या मशीनखाली पाणी. अगदी थोडं, बूट भिजतील एवढंच. ब्योर्येला फोन केला. वीस वर्षं तो कारखान्यात माझ्या टेबलाच्या अलीकडच्या टेबलावर जुळणीला होता. हल्ली तीच परदेशी मशीन्स घरोघर बसवत फिरतो. मी त्याला माफ केलं आहे.
आला, मागचं झाकण काढलं, आत टॉर्च मारली. बेअरिंग ज्या तुकड्यात बसतं तो तुकडाच तडकलेला. प्लास्टिकचा. आमच्याकडे तो ओतीव लोखंडाचा असायचा. मी म्हटलं, कोणीतरी नंतर बदलला. ब्योर्ये म्हणाला, कोण बदलणार रे? स्क्रूवरचा कारखान्याचा रंगसुद्धा हललेला नाही. मग त्याने टॉर्च आतल्या पत्र्यावर नेली. तिथे तपासणीचा शिक्का होता. क्रमांक १७.
सतरा मी.
मी म्हटलं, त्या दिवशी मी रजेवर असणार, दुसऱ्या कोणी माझा शिक्का वापरला. तो म्हणाला, चौतीस वर्षांत तू रजा घेतलीस कधी? मी म्हटलं, एकदा, कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा. त्याने झाकण लावलं आणि कॉफी न घेता गेला. त्याला घाई असावी.

२४ एप्रिल
चादरींना वेगळा वास येतोय. चांगला वास. मायकेन दर गुरुवारी बसने बहिणीकडे कॉफीला जाते, हल्ली दोन मोठ्या पिशव्या घेऊन. विचारलं तर म्हणाली, तिला लागतात वस्तू. बहिणीची तब्येत नरम असणार. मायकेन मनाने फार मऊ आहे.

२ मे
तो तुकडा बाजारात मिळत नाही. तेव्हा स्वतः करणार, लोखंडात. सायकलींच्या खोलीत दोन आठवडे कानस चालवतोय. उजव्या हाताचा अंगठा सुजला आहे, पण तुकडा देखणा झालाय. या देशात माणसांना अजून काम येतं, हे सभेला दिसेल.

९ मे
तुकडा बसवला. जवळजवळ बसला. चाचणीसाठी मायकेनचा लग्नातला टेबलक्लॉथ घेतला, कारण घरात धुवायला दुसरं काही सापडलं नाही. (का नाही? नंतर पाहू.) पहिली वीस मिनिटं उत्तम. पिळायला लागल्यावर मशीन जागेवरून निघालं आणि दारापर्यंत आलं. मध्ये इस्त्रीचं टेबल होतं म्हणून थांबलं. जोर अजून शाबूत आहे, हे सिद्ध झालं.
टेबलक्लॉथचे दोन भाग झाले. मायकेनने दोन्ही हातात घेऊन पाहिले, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१९ मे
भाषण तयार. अकरा पानं. पोलादापासून सुरुवात. विरोधात किमान बारा मतं धरली आहेत: आमचं एक, आणि जिन्यात ज्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अकरा.

२० मे, सभेनंतर
वेलचीचे बन चांगले होते.
बोलायला तीन मिनिटं मिळाली. चौथ्या पानावर सिवने घड्याळ दाखवलं. लोखंडी तुकडा सगळ्यांच्या हातातून फिरवला. लोक तो काळजीपूर्वक शेजाऱ्याला देत होते, जसं दुसऱ्याचं बाळ देतात. मग हात वर. नव्या मशीन्सच्या विरोधात: मी.
सिवने यादी पाहिली. म्हणाली, एव्हर्ट, हे घर मायकेनच्या नावावर आहे, तिच्या आईकडून आलेलं. मत तिचं. मी म्हटलं, एकच आहे, आम्ही दोघं एकाच मताचे. सगळे मायकेनकडे बघायला लागले. तिने हातातला बन बशीत ठेवला. मग नव्या मशीन्सच्या बाजूने हात वर केला.
वीस विरुद्ध शून्य. इतिवृत्तात ‘एकमताने’ असं लिहिलं.
जिन्यात म्हणाली, दोन महिने मी ओझी घेऊन बसने जातेय रे. मला फक्त स्वच्छ चादर हवी होती. मी म्हटलं, मला आधी सांगायचंस. ती म्हणाली, सांगितलं की. चार वेळा.
मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

४ जून
नवी मशीन्स आली. ब्योर्येने बसवली, तासाभरात दोन्ही. जुनी गाडीत चढवली. मी भंगाराच्या आवारापर्यंत बरोबर गेलो. तिथे आमची आणखी नऊ उभी होती, दारं आणि मागची झाकणं उघडी टाकलेली. एकाचा शिक्क्याचा पत्रा काढून घेऊ का विचारलं. तिथली बाई म्हणाली, कुंपणाच्या आत आलेलं काही बाहेर न्यायचं नाही. नियम आहे. नियम बरोबरच आहे. शिक्का मात्र वाकून वाचला. १७. मग बाकीचे वाचले नाहीत.
घरी येऊन नवं मशीन पाहिलं. पिळताना वर हात ठेवला. काहीच जाणवलं नाही. बिघाड झाला तर ते स्वतःच कंपनीला कळवतं म्हणे. मग शेजारी उभं राहायला कोणी लागत नाही.
पाच वर्षं टिकणार नाही.

१२ जून, गुरुवार
मायकेन आज बहिणीकडे गेली नाही. नवाची वेळ आमची होती. चादरी निघाल्या त्या जवळजवळ कोरड्याच. मशीनमध्ये काही खोट सापडली नाही. मी बराच शोध घेतला.
रजा नव्हती. लिहून टाकतो. शेवटच्या वर्षी मॅनेजर तो प्लास्टिकचा तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी नखाने वाजवून पाहिला. वाजवताक्षणी कळलं. तो म्हणाला, तू अडवलास तर काम बाहेर जाईल, दोनशे माणसं घरी बसतील. तू सोडलास तर कारखाना राहील. मी शिक्का मारला. मग वर्षभर मारत राहिलो. पुढच्या वसंतात कारखाना गेला तो गेलाच. आणि मी गावभर सांगत फिरलो की मी शेवटपर्यंत नाही म्हणत होतो. मायकेनलाही तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं होतं.
आज चादरीची दोन टोकं धरून उभे होतो, घडी घालायला. तेव्हा तिला सांगितलं. सगळं सांगितलं.
ती म्हणाली, मला माहीत आहे. कारखाना गेला तेव्हाच ब्योर्येने सांगितलं होतं. सगळ्यांनाच माहीत आहे, एव्हर्ट. तुझ्यासमोर कोणी बोलत नाही, एवढंच. आणि म्हणाली, ओढ जरा तुझ्या बाजूने, सुरकुती राहतेय.